उलटीवरची बंदी हवीच

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी दीड-पावणेदोनशे किलोमीटर आत आहेत. इथल्या माणसाने देवमासा पाहिलेला असतो तो बहुधा फोनच्या पडद्यावर. तरीही 'व्हेल माशाची उलटी' म्हणजे काय, हे घोडनदीच्या एसटी स्टँडवर किंवा दौंड जंक्शनबाहेरच्या टपरीवर कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी अंबरग्रीसच्या, म्हणजे याच 'उलटी'च्या, तस्करीचे गुन्हे दाखल होत आले. सापळा, बनावट गिऱ्हाईक, लॉजवरची अटक, टेबलावर मांडलेला राखाडी गोळा आणि त्यामागे रांगेत उभे असलेले पोलीस, हा फोटो आता ओळखीचा झाला आहे. फोटोखाली कोटींचा आकडा असतो. आणि बातमी वाचून झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते.

ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणणे असे की, जनावर स्वतःहून बाहेर टाकते ती घाण. कुणी देवमासा मारला नाही, जाळ्यात पकडला नाही, त्याला ओरखडाही काढला नाही. लाटांनी आणून टाकलेला गोळा उचलला, यात गुन्हा कसला? फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्ये हीच वस्तू उघडपणे विकली जाते आणि आपल्याकडे वाघाच्या कातड्याइतकी शिक्षा. त्यापेक्षा सरकारनेच परवाने द्यावेत, लिलाव करावा, कोकणातल्या कोळ्याला चार पैसे मिळू द्यावेत, आयात-निर्यात मोकळी करावी. कायदा जुना, साहेबी थाटाचा आणि गरिबाच्या मुळावर उठलेला आहे, असा त्या तक्रारीचा शेवट असतो.

यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्याकडे पुढे येऊ. बाकीचे मुद्दे मात्र तपासायला घेतले की हातात राहत नाहीत.

आधी वस्तू काय आहे ते. स्पर्म व्हेलचे मुख्य खाद्य म्हणजे माकूल. त्या माकलांच्या कठीण चोची पचत नाहीत. बहुतेक वेळा देवमासा त्या ओकून टाकतो. काही थोड्या प्राण्यांत मात्र त्या आतड्यात अडकतात आणि त्यांच्याभोवती मेणचट पदार्थाचे थर साचत जातात. हाच अंबरग्रीस. म्हणजे तो तोंडावाटे पडत नाही, मागच्या बाजूने पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शंभरातल्या फार तर चार-पाच स्पर्म व्हेलमध्ये तो तयार होतो. समुद्रात वर्षानुवर्षे तरंगून, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात मुरून त्याला तो सुवास येतो, ज्यासाठी अत्तरवाले शतकानुशतके त्याच्या मागे होते.

'कुणी मारत नाही' हे विधान आजपुरते बरेचसे बरोबर आहे, आणि ते मान्य करायला बंदीच्या बाजूने बोलणाऱ्याने कचरू नये. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीला स्थगिती दिली, ती १९८६ पासून लागू झाली. हिंदी महासागर तर त्याच आयोगाने १९७९ मध्येच देवमाशांसाठी अभयारण्य ठरवला होता. त्याआधीचा इतिहास मात्र वेगळा आहे. १९५३ मध्ये 'सदर्न हार्वेस्टर' या ब्रिटिश जहाजावर दक्षिण महासागरातल्या एका स्पर्म व्हेलच्या पोटातून सुमारे ४२० किलोंचा गोळा निघाला. रॉबर्ट क्लार्क या जीवशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली आणि इतिहासातल्या सर्वांत मोठ्या गोळ्यांत आजही त्याची गणना होते. तो किनाऱ्यावर वाहत आलेला नव्हता. मारलेल्या जनावराला फाडून काढलेला होता. शिकारी जहाजांच्या काळात अंबरग्रीस मिळवण्याची ही नेहमीची रीत होती, आणि शिकार थांबली म्हणूनच आज 'वाहून आलेला' माल एवढा निरागस वाटतो. म्हणजे बंदीने जे साधले, तेच बंदी नको म्हणण्याचे कारण म्हणून पुढे केले जाते.

आज पोट फाडून अंबरग्रीस निघतच नाही, असेही नाही. २०२१ मध्ये येमेनच्या मच्छीमारांना एडनच्या आखातात तरंगणारे स्पर्म व्हेलचे मढे सापडले; त्यांनी ते ओढून आणले, कापले, आणि आतून १२७ किलोंचा गोळा काढला. २०२३ मध्ये कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा येथे मरून पडलेल्या स्पर्म व्हेलचे शवविच्छेदन करताना साडेनऊ किलोंचा गोळा त्याच्या आतड्यात सापडला. हे दोन्ही प्राणी आधीच मेलेले होते, हे खरे. पण पुण्याच्या एखाद्या लॉजवर पिशवीतून निघणारा गोळा यांपैकी कोणत्या वाटेने आला, ते कसे ओळखायचे? किनाऱ्यावर सापडला, मढ्यातून काढला, की जाळ्यात अडकलेल्या अर्धमेल्या जनावराला संपवून काढला? किनाऱ्यावरच्या जुन्या अंबरग्रीसमधून स्पर्म व्हेलचा डीएनए मिळवता येतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. डीएनए जनावराची जात सांगतो. ते कसे मेले, हे सांगत नाही.

बंदीचे खरे कारण इथे आहे, आणि त्याचे उत्तम भारतीय उदाहरण समुद्रापासून फार लांबचे आहे. शाहतूश शालीचे व्यापारी वर्षानुवर्षे सांगत की तिबेटच्या पठारावरचा चिरू हा हरणासारखा प्राणी झुडपांना अंग घासतो, केस काट्यांना अडकतात, आणि गरीब मेंढपाळ ते वेचून आणतात. जनावराला इजा नाही, गरिबाला रोजगार, काश्मिरी कारागिराला काम. गोष्ट इतकी गोड की श्रीमंत गिऱ्हाइकांनी ती डोळे मिटून गिळली. जॉर्ज शॅलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष पठारावर जाऊन पाहिले तेव्हा कळले की केस वेचले जात नव्हते, चिरूंचे कळपच्या कळप मारले जात होते. एका शालीसाठी तीन ते पाच जनावरे. एकेकाळी दहा लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९९० च्या दशकात पाऊण लाखापर्यंत घसरली. 'आपोआप गळून पडलेले' असे सांगितल्या जाणाऱ्या वस्तूचा बाजार एकदा उभा राहिला की पुढे काय होते, ते या शालींनी दाखवून दिले आहे.

इथे शिरूरचा माणूस एक चांगला प्रश्न विचारू शकतो. तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. गळून पडलेले मोरपीस गोळा करायला, विकायला कायद्याने देशात सूट आहे. मोर राष्ट्रीय पक्षी, पहिल्या अनुसूचीतला, तरी सूट आहे. मग देवमाशाच्या बाबतीत हा कडकपणा का?

उत्तर पिसाच्या मुळाशी आहे. आपोआप झडलेल्या पिसाचे टोक कोरडे, बंद झालेले असते. मोराला मारून किंवा पकडून उपटलेल्या पिसाच्या टोकाशी रक्ताचा अंश राहतो, आणि तपासणारा तो ओळखू शकतो. शिवाय चिंचोलीत मोर रोज डोळ्यांसमोर आहेत, गाव त्यांची राखण करते, पाहुण्यांना ते दाखवून गावातली कृषी पर्यटन केंद्रे चालतात. इतके असूनही पिसांची निर्यात बंद आहे, कारण परदेशी मागणीचा रेटा गावाच्या राखणीला पेलत नाही. अंबरग्रीसच्या गोळ्याला पिसासारखे मूळ नाही आणि समुद्रात चिंचोलीसारखे राखणदार गाव नाही. ज्या सवलतीला तपासणीचा आधार आहे ती मोराला मिळाली. ज्या सवलतीला तो आधारच नाही ती देवमाशाला मागणे हे समान न्यायाच्या नावाखाली विषम मागणे आहे.

आता परदेशाचा दाखला. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने, म्हणजे साइट्सने, अंबरग्रीसला नियमनाबाहेर ठेवले आहे, हे बंदीविरोधी मंडळी आवडीने सांगतात. पूर्ण वाक्य सांगत नाहीत. प्राण्याशी कोणतीही छेडछाड न करता मिळालेला टाकाऊ पदार्थ असेल तर तो कराराबाहेर, अशी ती सवलत आहे. 'छेडछाड न करता' हे कोण, कसे सिद्ध करणार, याचे उत्तर करारात नाही; ते प्रत्येक देशावर सोडले आहे. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी एक उत्तर दिले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी उलट दिले. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ चा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच; तिथला ऑक्टोबरात आला, आपला त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरात. अमेरिकेत अंबरग्रीस गोळा करणे, बाळगणे, विकणे, आयात करणे सगळेच बेकायदा आहे. जगात सगळीकडे मोकळे रान आहे आणि फक्त भारत अडून बसला आहे, हे चित्र त्यामुळे उभे राहत नाही.

अमेरिकेच्या आयात नियमांची धार मराठी घरांनाही लागू शकते. टोरंटोत राहणाऱ्या कुटुंबाने सीलच्या कातड्याचे हातमोजे घेतले आणि गाडीने न्यू जर्सीच्या नातेवाइकांकडे निघाले, तर सीमेवर ते हातमोजे जप्त होऊ शकतात. कॅनडात कायदेशीर, दुकानाची पावती खिशात, तरीही. जाचक वाटते. पण नियम बनवणाऱ्यांनी हाच विचार केला होता की सीमेवरच्या शिपायाला सीलचे वय, शिकारीची पद्धत आणि शिकाऱ्याचा हेतू कातड्यावरून वाचता येत नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. २०१४ च्या निकालात अपिलीय मंडळाने बंदीमागची लोकनीतीची भूमिका मान्य केली. आक्षेप घेतला तो सवलतींच्या भेदभावावर, विशेषतः इनुइट शिकारीसाठी ठेवलेली सूट ज्या पद्धतीने राबवली गेली त्यावर. म्हणजे मुख्य बंदी टिकली आणि अडचणीत आल्या त्या सवलती. परवाना देऊन लिलाव करा, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

भारतीय कायद्यात तर संदिग्धतेला फारशी जागाच नाही. जामीन अर्जांत 'ही विष्ठा आहे, प्राण्याचा अवयव नाही' असा युक्तिवाद होतो आणि टीव्हीवरच्या चर्चेत तो चमकदारही वाटतो. पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात, प्रक्रिया न केलेल्या प्राणिज वस्तू सांगताना, कस्तुरीच्या शेजारी अंबरग्रीस नाव घेऊन लिहिलेला आहे. कायदा करणाऱ्यांना हा पदार्थ माहीत होता, तो कुठून येतो हेही माहीत होते, आणि त्यांनी तो जाणीवपूर्वक घातला. कस्तुरीचे काय झाले ते हिमालयात विचारावे: कस्तुरीची पिशवी जिवंत मृगापासूनही काढता येते असे सांगत सांगत मृग मारले गेले.

गणपतीपुळ्याची घटना या वादात कुणी आणत नाही, म्हणून ती आणायला हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू जिवंत लागले. गावकरी, वनखाते, तटरक्षक दल यांनी त्याला ओले ठेवले, पट्टे बांधून बोटीने खोल पाण्यात ओढले. ते परत आले आणि शेवटी वाचले नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा लागला होता, तेव्हाही लोक असेच धावले होते, आणि तोही गेला. हे दोन्ही प्राणी स्पर्म व्हेल नव्हते, त्यामुळे त्यांच्यात अंबरग्रीस होत नाही. पण किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीला हे माहीत असते का? पोटात कोटी रुपये आहेत असा समज पक्का झालेल्या आणि ते विकणे कायदेशीर असलेल्या किनाऱ्यावर, त्या पिल्लाच्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतायला किती हात पुढे आले असते आणि कोयते घेऊन किती, याचा अंदाज बंदीविरोधकांनीच करावा. आज पुढे येणारा हात मोकळ्या मनाने पुढे येतो, कारण त्या जनावराच्या पोटाची बाजारात किंमत नाही, निदान कायदेशीर किंमत नाही.

राहिला गरिबाचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे असे वर म्हटले, ते असे. अटक होते ती साखळीतल्या शेवटच्या माणसाची. 'पार्टी तयार आहे, माल दाखव' या एका फोनवर दुचाकी काढणारा कुणीतरी बेकार तरुण. सागरी जीवशास्त्राशी त्याचा संबंध नाही. काल तो मांडूळाच्या 'पार्टी'साठी फिरत होता. पुणे जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात मांडूळ या बिनविषारी, निरुपद्रवी सापाचा व्यवहार असाच चालतो: वजन अमुक भरले की किंमत तमुक, तोंडे दोन, घरात ठेवला की पैसा. या मालाचे शेवटचे गिऱ्हाईक कोण, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. अंबरग्रीसच्या गोळ्याचे पुष्कळदा हेच होते. तपासात तो मेणाचा निघण्याचे प्रकारही आहेत. तरुण मात्र तुरुंगात जातो. संरक्षित प्राण्याच्या वस्तूंच्या व्यापारासाठी कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण या तरुणाला दुचाकीवर बसवले कुणी? कायद्याने नाही. कोटींच्या आकड्याने.

तो आकडा पाहू. आपल्याकडच्या बातम्यांत 'आंतरराष्ट्रीय बाजारात किलोला एक कोटी' हा दर जणू सरकारी गॅझेटात छापल्यासारखा येतो. जुलै २०२२ मध्ये केरळात विळिंजमच्या मच्छीमारांनी सापडलेला २८.४ किलोंचा गोळा प्रामाणिकपणे किनारी पोलिसांकडे दिला. बातमीत किंमत आली २८ कोटी. आता ज्या मालाचा खरोखर सौदा झाला किंवा ज्याचे मोल अभ्यासकांनी केले तो पाहावा. येमेनच्या १२७ किलोंचे सुमारे १५ लाख डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या दराने किलोला नऊ लाख रुपयांच्या आत. ला पाल्माच्या साडेनऊ किलोंची किंमत अभ्यासकांनी सुमारे पाच लाख युरो धरली. किलोला पन्नास लाखांच्या आत. प्रतीनुसार फरक पडतो, काळा ताजा गोळा स्वस्त आणि पांढरट मुरलेला महाग, हे धरूनही किलोला एक कोटी हा दर कुठल्या बाजारातून येतो, हे कुणी सांगत नाही. त्यातच १९५० च्या दशकापासून क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून अँब्रॉक्सन बनते आणि अंबरग्रीसचा सुगंध हवा असलेली बहुतेक अत्तरे आता अशा कृत्रिम पर्यायांवरच चालतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीतही सुगंधी रसायने तयार होऊन जगभर जातात. तिथे देवमाशाची कुणालाच गरज पडत नाही.

पोलिसांच्या प्रेस नोटमधला कोटींचा आकडा हा या धंद्याची फुकट जाहिरात आहे. मुद्देमालाची किंमत मोठी दाखवली की कारवाई मोठी दिसते, हा त्यातला साधा मोह. ज्या वस्तूचा व्यापारच बंद आहे तिला बाजारभाव कसला? गांजाची किंमत लावावी तशी देवमाशाच्या गोळ्याची लावायची, मग शिरूर-दौंडच्या तरुणाने ती वाचून स्वप्ने पाहायची, आणि त्याला पकडून पुन्हा नवी किंमत छापायची. वनखात्याला आणि गृहखात्याला मिळून हे एका परिपत्रकाने थांबवता येईल: वजन द्या, कलम द्या, किंमत देऊ नका.

कोळ्याचा प्रश्नही बंदी उठवून सुटणारा नाही. कलम ३९ नुसार अशी वस्तू सरकारची मालमत्ता ठरते, आणि ती हाती आल्यापासून ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवून सोपवायची असते. म्हणजे सापडलेल्या गोळ्याने माणूस आपोआप गुन्हेगार होत नाही. लपवल्याने, विकायला निघाल्याने होतो. अडचण अशी की गोळा घेऊन पोलीस ठाण्यात जायला तांडेल घाबरतो, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून हाती काही लागत नाही. यावर महाराष्ट्रापाशी स्वतःचा नमुना आहे. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. मत्स्यव्यवसाय खाते आणि कांदळवन कक्ष यांनी ही योजना राबवली आणि तिच्यामुळे देवमासे, कासवे, व्हेल शार्क समुद्रात परत गेले. त्याच धर्तीवर, गोळा जमा करणाऱ्याला पावती, ठरावीक छोटी रक्कम आणि चौकशीतून सुटका, एवढे नियमात लिहिले तर पुरे आहे. रक्कम मुद्दाम छोटी, नाहीतर मढी फाडणे सुरू होईल.

बिबट्याचा राग या वादात मिसळतो, आणि शिरूरमध्ये तो मिसळणार हे समजण्यासारखे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे गेली, लोक रस्त्यावर उतरले. ज्या आईने उसाच्या कडेला मूल गमावले तिला जनावरांचे कायदे ऐकवायची कुणाची हिंमत होऊ नये. पण 'हा कायदा जनावराला माणसापेक्षा मोठे मानतो' हे खरे नाही. याच कायद्याच्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी देता येते, आणि शिरूरमध्ये ती वापरलीही गेली. सवलत का द्यायची आणि कुठे द्यायची नाही, याचा विचार कायद्यात आहे. माणसाच्या जिवासाठी ती आहे; अत्तरासाठी नाही.

जप्त केलेल्या गोळ्यांचे पुढे काय, हा प्रश्न उरतो, आणि लिलावाची मागणी मुख्यतः त्यातूनच येते. कोट्यवधींचा माल सरकारी गोदामात कुजतो, त्यापेक्षा विकून तिजोरी भरा, असा तो व्यवहारी सल्ला. आसामने वेगळा मार्ग धरला. २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखात येथे गेंड्यांची २,४७९ शिंगे लोकांसमोर जाळून टाकण्यात आली. अभ्यासासाठी आणि न्यायालयीन प्रकरणांसाठी लागणारी तेवढी बाजूला ठेवली. गेंड्याच्या शिंगाच्या औषधी गुणांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना त्या दिवशी सरकारने सांगितले की आमच्या लेखी याची किंमत शून्य आहे. अंबरग्रीसचे तेच करावे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला नमुने द्यावेत, खटल्यापुरता पुरावा जपावा, आणि निकाल लागलेला बाकी माल पंचांसमोर जाळावा. त्या पंचनाम्यात रुपयांचा रकाना ठेवू नये.